तळघरातल्या वॉशिंग मशीनचं पाणी परत वर येतं तेव्हा

आमच्याकडे हे जवळपास दीड वर्ष चाललं. मशीन लावली की वीसेक मिनिटांनी तळघराच्या कोपऱ्यातल्या जाळीतून आधी बुडबुड आवाज, मग फेस, मग पाणी. मी वायपर घेऊन एका बाजूला, मुलगी जुना टॉवेल घेऊन दाराशी. प्लंबर यायचा, स्प्रिंग घालायचा, मूठभर काळा लगदा काढून दाखवायचा, पैसे घ्यायचा. तीन-चार आठवडे बरे जायचे आणि पुन्हा एखाद्या रविवारी बुडबुड. कोणाकडे असंच होऊन राहिलं असेल तर त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते. आमचा दोष पाइपातल्या कचऱ्यात नव्हता, मशीनमध्येही नव्हता, आणि तो शोधायला शेवटी लागली ती फक्त एक पारदर्शक नळी.

घर नागपुरात, प्रतापनगरच्या बाजूला. खाली अर्धं तळघर, म्हणजे साडेतीन फूट जमिनीत आणि चार फूट वर, छताजवळ दोन व्हेंटिलेटर. मशीन आधी पहिल्या माळ्यावर मागच्या गॅलरीत होती. मे २०२३ मध्ये ती गॅलरी बंद करून मुलीला अभ्यासाची खोली केली आणि मशीन खाली नेली. तळघरात फरशी धुवायला म्हणून जुना नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखाली थोडं पाणी धरून गटाराचा वास अडवणारा भाग, होताच. प्लंबरने मशीनची नळी त्या जाळीत सोडली आणि म्हणाला, "झालं ताई, लाइन रेडीच हाये." लाइन होती हे खरं. पण इतकी वर्षं त्या लाइनीत पोछ्याच्या बादलीपलीकडे काही गेलंच नव्हतं. आमची फ्रंट लोड मशीन पाणी फेकते तेव्हा पंधरा लिटरची बादली पन्नास सेकंदांत भरते, मी मोजलं आहे. म्हणजे मिनिटाला अठरा लिटर. बादली हळूहळू ओतणं वेगळं आणि हे वेगळं.

आता मुद्द्याचं. "पाणी वर येतं" एवढंच सांगितलं तर कोणताही प्लंबर स्प्रिंगच काढणार. पाणी नेमकं कधी येतं आणि कुठून येतं ते आठवडाभर बघा, जमल्यास कॅलेंडरवर लिहून ठेवा. उत्तर बहुतेक वेळा त्यातच असतं.

मशीनने पाणी फेकायला सुरुवात केल्याबरोबर, अर्ध्या मिनिटाच्या आत, नळी खोचलेल्या पाइपाच्या तोंडातूनच पाणी बाहेर उडत असेल तर तो पाइप बारीक आहे, जवळच तुंबला आहे, किंवा त्याला हवा मिळत नाही. सव्वा इंची पाइपात नळी कोंबली की हे होतंच. दोन इंचाच्या, म्हणजे ५० मिलिमीटरच्या खाली जाऊ नका.

सुरुवातीला पाणी नीट जातं, पण फेकणं संपत आल्यावर जाळीतून वर येतं आणि मग दहा-पंधरा मिनिटांत आपोआप उतरतं, असं असेल तर अडचण पुढे आहे. ढाळ कमी आहे किंवा पाइपाच्या पोटात गाळ बसला आहे. आमचं पहिलं लक्षण हेच होतं, म्हणून स्प्रिंग घातल्यावर बरं वाटायचं.

मशीन बंद असताना पाणी येत असेल तर मात्र कान टवकारा. हे आमच्या मुलीच्या लक्षात आलं. बुधवारी सकाळी शाळेची बॅग घ्यायला खाली गेली तर जाळीभोवती ताजं पाणी. मशीन रविवारनंतर लावलीच नव्हती. वर तिचे बाबा आंघोळ करत होते. तिने जिन्यातून ओरडून नळ बंद करायला लावला, पाणी थांबलं. पुन्हा सोडायला लावला, पुन्हा बुडबुड. म्हणजे वरच्या न्हाणीचं पाणी आमच्या चेंबरमध्ये, म्हणजे घराबाहेरच्या सांडपाण्याच्या झाकणाच्या हौदात, येऊन तिथून तळघराकडे उलटं येत होतं. इथे स्प्रिंगचा काही उपयोग नाही. चेंबर आणि तळघर यांच्या उंचीचा हिशेब चुकला आहे.

फक्त जोराच्या पावसात येत असेल तर रस्त्यावरची लाइन भरून चेंबरपर्यंत फुगते आहे. २२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र नागपूरकरांना सांगायला नको. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. आमच्याकडे नदीचं पाणी आलं नाही, पण पहाटे तळघरात वीतभर गढूळ पाणी होतं आणि ते त्याच जाळीतून आलं होतं. मशीनचा मोटरचा भाग थोडक्यात वाचला. तेव्हा मला वाटलं, हे पुराचं होतं, आपल्या लाइनीचा त्याच्याशी काय संबंध. संबंध होता.

आणखी दोन लक्षणं आहेत, त्यात पाणी दिसतच नाही. मशीन भरतच राहते, वेळ सरकत नाही, टाकीत पाणी टिकत नाही, हा सायफन. नळीचं तोंड मशीनमधल्या पाण्याच्या पातळीखाली आणि जोड हवाबंद असेल तर एकदा ओढ लागली की पाणी थांबत नाही. इकडून नळ भरतो, तिकडून नळी रिकामं करते. हे आम्ही स्वतः ओढवून घेतलं. पाणी वर येऊ नये म्हणून दुसऱ्या प्लंबरने नळी पाइपात घालून भोवती एम-सील लावलं. जाळी कोरडी झाली, आम्ही खूश. चार दिवसांनी मशीन दोन तास झाले तरी पहिल्याच टप्प्यावर. ओळखायची खूण सोपी: भरताना मशीन थांबवा आणि नळीला हात लावा. आत पाणी वाहताना बोटांना कळतं. दुसरं लक्षण नुसता वास. त्याबद्दल शेवटी.

त्यानंतर तिसरा उपाय केला तो एनआरव्हीचा. पाणी एकाच बाजूला जाऊ देणारी झडप फरशीच्या लाइनीत बसवली. दीड महिना चालली. मग झडपेच्या पाकळीत कपड्यांचे धागे आणि केस अडकले, ती अर्धी उघडीच राहिली आणि पाणी पूर्ववत. स्वच्छ पाण्यात एनआरव्ही चांगला. लिंट येणाऱ्या लाइनीत उघडून साफ करायची सोय नसेल तर त्याच्या भरवशावर झोपू नका.

इथवर आल्यावर तळघरात खड्डा खणून त्यात पंप बसवायचा, असं ठरत आलं होतं. कोटेशन बत्तीस हजारांचं. शेजारचे काका सरकारी खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेले. संध्याकाळी गेटशी उभे होते. मी कोटेशन दाखवलं. त्यांनी कागद वाचलाच नाही. विचारलं, "लेव्हल कोणी घेतली?"

कोणीच घेतली नव्हती. तीन प्लंबर, दीड वर्ष, आणि पाइपाचं एक टोक दुसऱ्यापेक्षा किती खाली आहे हे एकानेही मोजलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पंधरा मीटर पारदर्शक नळी घेऊन आले. गवंडी वापरतात तीच. बादलीत पाणी घेऊन त्यात त्यांनी चिमूटभर नीळ टाकली, म्हणजे नळीत पाण्याची रेघ स्पष्ट दिसते. नळी भरली आणि बोटाने टिचक्या मारत सगळे बुडबुडे बाहेर काढले. "एक बुडबुडा राहिला तर दोन इंचांची चूक, सूनबाई." नळी व्हेंटिलेटरमधून आत-बाहेर घातली. आत भिंतीवर विटेच्या तुकड्याने एक रेघ मारली, बाहेर चेंबरच्या वर एक काठी उभी करून तिच्यावर तीच पातळी घेतली. आता आतली रेघ आणि काठीवरची खूण एकाच उंचीवर. मग टेपने खाली मोजायचं, एवढंच.

रेघेपासून तळघराची फरशी १५५ सेंटिमीटर खाली. नहाणी ट्रॅपचं बाहेर जाणारं तोंड, जाळीत वाकडी सळई घालून पाहिलं, १७०. चेंबरमध्ये आपला पाइप जिथे सुटतो तिथला तळ १६३. काकांनी तिन्ही आकडे भिंतीवर लिहिले आणि माझ्याकडे पाहिलं. १७० वरून १६३ वर. पाणी सात सेंटिमीटर चढ चढून जायचं होतं.

म्हणजे ती लाइन कायमच पाण्याने भरलेली होती. पातळी फरशीखाली जेमतेम आठ सेंटिमीटर. पोछ्याची बादली ओतली की तेवढं पाणी पुढे ढकललं जायचं, म्हणून इतकी वर्षं कोणाला कळलं नाही. पाइपात पाणी उभं, म्हणून लिंट आणि साबणाचा गाळ तळाशी बसायचा. स्प्रिंगने तो हलायचा, महिनाभराने पुन्हा बसायचा. वर कोणी आंघोळ केली आणि चेंबरमधलं पाणी आठ सेंटिमीटर चढलं की ते आमच्या फरशीवर. सप्टेंबरच्या रात्रीचं कोडंही त्याच तीन आकड्यांत सुटलं.

मग चेंबर खोल करता येईल का? आमच्याकडे नाही, कारण त्याच्या पुढची रस्त्याची लाइन जिथे आहे तिथेच आहे. नऊ मीटर अंतराला मीटरमागे दोन सेंटिमीटर म्हणजे अठरा सेंटिमीटर ढाळ हवा. पाइपाचं तोंड चेंबरमध्ये १८८ वर यायला हवं होतं, आहे १६३ वर. पंचवीस सेंटिमीटर कमी पडतात आणि ते कुठून आणणार?

काकांचं उत्तर मशीनमध्येच होतं. फ्रंट लोड मशीनला स्वतःचा पंप असतो. साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीपर्यंत नळी न्यायची हे तिच्या पुस्तिकेतच छापलेलं असतं. आपल्या मशीनचा आकडा पुस्तिकेतून बघावा. पाणी वर फेकायची सोय मशीन विकत घेताना पैसे देऊन आली आहे आणि आम्ही तिची नळी फरशीवर टाकून ठेवली होती. पाणी फरशीखालून न्यायचंच कशाला? भिंतीवरून न्या.

काम ऑक्टोबर २०२४ मध्ये, दिवाळीआधी, जमीन थोडी सुकल्यावर केलं. मशीनमागे भिंतीला ५० मिलिमीटरचा उभा पाइप, वरचं तोंड फरशीपासून ९० सेंटिमीटरवर. मशीनची नळी त्यात वरून वीतभर खोचलेली, मोकळी, भोवती काही लावलेलं नाही. ही फट राहायलाच हवी. हवा तिथूनच आत जाते आणि सायफन तुटतो. नळी फार खोलही घालू नका, टोक पाण्यात बुडलं की पुन्हा तीच गत. उभ्या पाइपाच्या खाली ट्रॅप, फरशीपासून ४० सेंटिमीटरवर, पन्नास मिलिमीटर पाणी धरणारा. तिथून पुढे ७५ मिलिमीटरचा पाइप भिंतीला क्लॅम्प मारत, मीटरमागे दोन सेंटिमीटर ढाळाने. रेघेपासून हिशेब करा: ट्रॅप ११५ वर, अठरा सेंटिमीटर ढाळ, म्हणजे चेंबरमध्ये शिरतो १३३ वर. चेंबरमधून पाणी बाहेर जातं ते १६३ च्या आसपास. मध्ये तीस सेंटिमीटर मोकळे. वरच्या न्हाणीत आता दोघं एकदम आंघोळ करोत.

ट्रॅपच्या पुढे एक टी घेऊन ५० चा पाइप व्हेंटिलेटरमधून बाहेर वर नेला, टोकाला जाळीची टोपी. हा हवेचा पाइप प्लंबरला नको होता, "कोणी लावत नाही ताई." लावायला लावला. न लावल्यास मशीन जोरात पाणी सोडते तेव्हा ट्रॅपमधलंच पाणी ओढून नेते आणि गुळगुळ आवाज येतो. वळणावर नव्वदचा एल्बो न घालता पंचेचाळीसचे दोन घातले आणि जिथे वळण आहे तिथे डोअर बेंड, म्हणजे झाकण उघडून हात घालता येतो. लिंट अडकणारच आहे, तो कुठे अडकला की काढता येईल एवढंच आपल्या हातात.

पाइप घ्यायला आम्ही इतवारीत गेलो. दुकानदार विचारतो, ए टाइप की बी टाइप? एसडब्ल्यूआर, म्हणजे सांडपाण्याच्या आणि पावसाच्या पाण्याच्या, पाइपावर आयएस १३५९२ हा मानक क्रमांक छापलेला असतो आणि सोबत प्रकार. ए हा पावसाच्या पाण्याचा आणि हवेचा, पातळ आणि स्वस्त. सांडपाण्याला बी. जमिनीत जाणाऱ्या भागाला मी रबर रिंगचे जोड घेतले, सॉल्व्हंटने चिकटवलेले नाही. कारण आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात भेगा पडून बोट जाईल इतकी आकसते, आणि तिच्यासोबत पाइपही वरखाली होतो. रिंगचा जोड थोडं हलू देतो, चिकटवलेला तडकतो. चरात खाली आणि वर वीतभर वाळू-मुरूम, काळी माती थेट पाइपावर नाही. चर बुजवायची घाई गड्याला असते. आधी दोन बादल्या एकदम ओतून प्रत्येक जोड हाताने चाचपून बघा, मग माती टाका.

भिंतीला भोक पाडताना थोडी भीती होती, जमिनीखालची भिंत आहे. छिन्नी-हातोडा न लावता कोर कटिंग, म्हणजे यंत्राने गोल भोक, करून घेतलं, त्यात मोठ्या पाइपाचा तुकडा बसवला, त्यातून लाइन नेली आणि मधली फट न आकसणाऱ्या ग्राउटने भरली. नुसत्या सिमेंटने भरली असती तर पहिल्या पावसात ओल दिसली असती. जुना नहाणी ट्रॅप कायमचा बंद केला. फरशी पुसलेलं पाणी आता बादलीने वर नेतो. कुरकुर आहे, पण चालतं.

ज्यांची मशीन टॉप लोड आहे त्यांनी इथे थांबा. आपल्याकडे बऱ्याच टॉप लोड आणि सगळ्या साध्या सेमी ऑटोमॅटिक मशीनना पंप नसतो, पाणी खालून आपसूक उतरतं. त्यांची नळी उंच टांगली तर पाणी आतच राहतं. अशी मशीन चेंबरपेक्षा खालच्या तळघरात ठेवायची असेल तर खड्डा आणि पंप खरोखर लागतो. आमच्या भाच्याने कूलरचा पंप लावून पाहिला होता. सहा फुटांच्या वर ढकलता ढकलता त्याचा दम गेला आणि दुसऱ्याच दिवशी धाग्यांनी जाम. फ्लोट असलेला, म्हणजे पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा, अर्ध्या हॉर्सपॉवरचा ड्रेनेज पंप घ्या, त्याचा पाणी बाहेर नेणारा पाइप जमिनीच्या वर एक वळसा देऊन मग चेंबरमध्ये सोडा, पंपाच्या लगेच वर एनआरव्ही आणि त्याच्या खाली पाइपाला तीन मिलिमीटरचं भोक, नाहीतर हवा अडकून पंप नुसता घुमत राहतो. लाईट गेली तर काय, असं सगळे विचारतात. लाईट गेली की मशीनही थांबते, मग खड्ड्यात येणार कोण? फक्त वरच्या माळ्याचं कोणतंही पाणी त्या खड्ड्यात सोडू नका. आणि मशीन असो की पंप, तळघरात ओल्या फरशीवर वीज आहे, तेव्हा ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, हवंच.

वासाचं राहिलं. उन्हाळ्यात आठ-दहा दिवस आम्ही अकोल्याला गेलो. परत आल्यावर तळघरात गटाराचा वास. लाइन ठीक होती, ट्रॅपमधलं पाणी नागपूरच्या उन्हाने आटलं होतं आणि चेंबरची हवा सरळ घरात येत होती. आता गावाला जाताना उभ्या पाइपात एक मग पाणी आणि वर दोन चमचे खायचं तेल टाकते. तेलाचा तवंग बसतो, पाणी लवकर आटत नाही.

काकांनी जाता जाता चेंबरच्या आतल्या भिंतीवर नव्या पाइपाच्या बुडाशी खिळ्याने आडवी रेघ ओढून दिली. पाऊस लागून राहिला असेल तर मी छत्री घेऊन मागे जाते, झाकण उचलते. पाणी रेघेखाली असेल तर मशीन लावते. वर असेल तर कपडे टोपलीतच राहतात.